दुसऱ्या दिवशी देव ‘चांगले’ का म्हणाला नाही?

बायबलमधल्या सृष्टीच्या कथेवर विनोदी कथा लिहू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मूळ मजकूर ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या तीन अध्यायांत आहे: ३१, २५ आणि २४, म्हणजे सगळी मिळून ८० वचने. लिहायला बसण्याआधी ती सलग दोनदा मोठ्याने वाचा. त्याला अर्धा तासही लागत नाही, आणि खाली विचारलेल्यांपैकी निम्म्या अडचणी त्या वाचनातच सुटतात.

प्रश्न : सात दिवस ओळीने लिहायला घेतले. पहिला दिवस जमला, पण चौथ्यापर्यंत येता येता तेच तेच होऊ लागले. सगळे दिवस लिहायलाच हवेत का?

उत्तर : सगळे हवेत, पण सारख्या मापाचे नकोत. मूळ कथेचा एक साचा आहे. देव म्हणाला, तसे झाले, देवाने पाहिले की ते चांगले आहे, संध्याकाळ झाली, सकाळ झाली, तो अमुक दिवस. पुनरुक्ती हे या कथेचे हाड आहे, ते काढू नका. गंमत आहे ती साचा जिथे मोडतो तिथे. ‘चांगले आहे’ हे पहिल्या अध्यायात सात वेळा येते: वचन ४, १०, १२, १८, २१, २५ आणि ३१. दिवसांवर वाटून पाहा. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी ते दोनदा येते. दुसऱ्या दिवशी एकदाही नाही.

यहुदी धर्मपंडितांना हे फार पूर्वीच खटकले होते. त्यांनी दिलेले एक कारण असे : दुसऱ्या दिवशी पाण्याचे काम हातात घेतले, पण ते पुरे झाले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी एका जागी गोळा होऊन जमीन दिसली तेव्हा ते संपले, म्हणून त्या दिवशी दोनदा ‘चांगले’. दुसरे कारण असे, की त्या दिवशी जगात पहिल्यांदा वरच्या पाण्याची आणि खालच्या पाण्याची फाळणी झाली, आणि फाळणीला चांगले म्हणवत नाही. दोन्ही कारणांत एकेक कथा दडलेली आहे.

म्हणून जोर दुसऱ्या दिवसावर द्या. साधारण १२०० शब्दांची कथा असेल तर पहिल्या दिवसाला १५०, दुसऱ्याला ३५०, तिसऱ्याला १००, चौथ्याला २५०, पाचव्याला फक्त ५०, सहाव्याला २५० आणि सातव्याला ५० अशी वाटणी करून पाहा. पाचव्या दिवसाला इतके कमी देण्याचे कारण असे, की तोपर्यंत वाचकाला साचा पाठ झालेला असतो. मासे आणि पक्षी दोन वाक्यांत उरकले, तर तो घाईचा वेगच हसवतो.

दुसऱ्या दिवसाचा शेवट असा लिहिता येईल :

‘देवाने पाण्याच्या मधोमध अंतराळ केले. अर्धे पाणी वर गेले, अर्धे खाली राहिले. देवाने वर पाहिले. खाली पाहिले. मग पुन्हा एकदा वर पाहिले. संध्याकाळ झाली. देव काही बोलला नाही. सकाळ झाली, तो दुसरा दिवस.’

यात ‘देवाला काम पसंत पडले नाही’ असे लिहिले की सगळे गेले. न बोलणे ऐकू येण्यासाठी पहिल्या दिवशीचे वाक्य वाचकाच्या कानात ताजे असावे लागते. म्हणून पहिल्या दिवशी ‘देवाने पाहिले की ते चांगले आहे’ हे वाक्य अक्षर न बदलता, परिच्छेदाच्या शेवटी, एकटे ठेवा. तिथे ‘छान’, ‘उत्तम’, ‘झकास’ असे पर्याय वापरून विविधता आणायला गेलात तर दुसऱ्या दिवशी मोडायला साचाच उरत नाही. बहुतेक कच्चे खर्डे याच ठिकाणी फसलेले दिसतात.

प्रश्न : उजेड पहिल्या दिवशी, झाडे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी! या विसंगतीवर मी सगळी कथा उभी केली आहे. संपादक म्हणतात, विनोद शिळा आहे. तुमचे मत?

उत्तर : संपादकांचे बरोबर आहे. ही ‘चूक पकडली’ पद्धतीची गंमत आहे, आणि ती वाचकाने शाळेतच केलेली असते. शिवाय ती तितकीशी पक्कीही नाही. पहिले तीन दिवस जागा तयार करण्याचे आणि पुढचे तीन त्या जागा भरण्याचे, अशी मांडणी त्या अध्यायात स्पष्ट दिसते : पहिल्या दिवशीच्या उजेडाला चौथ्या दिवशी ज्योती मिळतात, दुसऱ्या दिवशीच्या पाण्याला आणि आकाशाला पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, तिसऱ्या दिवशीच्या जमिनीला सहाव्या दिवशी जनावरे आणि माणूस. ही घडण लक्षात आली की ‘देव क्रम विसरला’ हा विनोद हलका पडतो.

चौथ्या दिवसात याहून भरीव काही आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावेच तिथे येत नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, एवढेच. आता सोळावे वचन पाहा. त्याची सुरुवात ‘दोन मोठ्या ज्योती’ अशी आहे आणि पुढे लगेच त्यांतली एक मोठी, एक लहान. एकाच वाक्यात चंद्र मोठ्याचा लहान झाला. कसा?

यहुदी पंडितांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तालमूद या ग्रंथाच्या ‘हुल्लीन’ या भागात याचे उत्तर कथेनेच दिले आहे. चंद्र देवाला विचारतो, दोन राजांनी एकच मुकुट कसा वापरायचा? देव म्हणतो, मग तू लहान हो. चंद्र म्हणतो, मी रास्त तेच बोललो, म्हणून मी लहान व्हायचे? देव समजूत घालू लागतो : तू दिवसाही दिसशील आणि रात्रीही. चंद्र म्हणतो, भर दुपारी दिव्याचा काय उपयोग? देव आणखी काही देऊ करतो, चंद्राचे समाधान होत नाही, आणि शेवटी देव म्हणतो, मी चंद्राला लहान केले त्याबद्दल माझ्यासाठी प्रायश्चित्ताचे अर्पण करा.

हे धर्मग्रंथातले आहे, आणि विनोदी पुनर्कथन कसे करावे याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. सांगणाऱ्याने बाहेरून काही आणले नाही. एका वचनातली एक गाठ हेरली, तिथे दोन पात्रे उभी केली आणि दोघांनाही मनापासून बोलू दिले. चंद्र खरोखर दुखावलेला आहे, देव खरोखर समजूत काढतो आहे. दोघांपैकी एकानेही विनोद करण्यासाठी तोंड उघडलेले नाही. तुमच्या कथेतून क्रमाची विसंगती काढा आणि अशी एक गाठ शोधा.

प्रश्न : सहाव्या दिवशी देव पहिला पुरुष आदाम याची फासळी काढून तिची स्त्री, हव्वा, करतो, असे लिहिले आहे. चालेल ना?

उत्तर : दोन कथांची सरमिसळ झाली आहे. पहिल्या अध्यायात सहाव्या दिवशी आधी जनावरे आणि मग नर व नारी अशी माणसे एकदमच होतात. तिथे माती नाही, फासळी नाही, बागही नाही. दुसऱ्या अध्यायात, सातव्या दिवसाची पहिली तीन वचने सोडली तर, दिवसांची मोजणी नाही. माणूस आधी होतो, मग बाग, मग जनावरे, आणि स्त्री सर्वांत शेवटी. देवाचे वर्तनही वेगळे आहे. पहिल्यात तो नुसते बोलतो आणि होते. दुसऱ्यात तो माती मळून माणूस घडवतो, नाकपुड्यांत फुंकर घालतो, झाडे लावतो. विनोदी लेखकाला दुसरा अध्याय सोपा जातो, कारण हातांनी काम करणाऱ्या देवाच्या कामात अडचणी येऊ शकतात. एकच निवडा. दोन्ही हवे असतील तर मधे तारका घालून सरळ दोन भाग करा.

प्रश्न : हव्वेच्या बोलण्यावर, रुसण्यावर, फासळीवर बरेच विनोद केले होते. वाचनाच्या वेळी निम्मे श्रोते गप्प बसले. कुठे चुकले?

उत्तर : ते विनोद मूळ कथेतून आलेले नाहीत. बायकोवरच्या जुन्या चुटक्यांना तुम्ही फक्त पानांचे कपडे चढवले. फासळीबद्दल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. तिथला हिब्रू शब्द ‘त्सेला’ बायबलमध्ये इतरत्र ‘बाजू’ या अर्थानेही येतो, आणि पुरुषाला बाईपेक्षा एक फासळी कमी असते हे खरे नाही. दोघांनाही बारा जोड्या असतात.

मूळ मजकुरातल्या स्त्रीकडे नीट पाहा. तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनापर्यंत तिला नावच नाही. ज्या माणसाने सगळ्या जनावरांना आणि पक्ष्यांना नावे ठेवली, त्याने शेजारी उभ्या असलेल्या बाईला ‘हव्वा’ हे नाव फळ खाऊन झाल्यावर, शिक्षा ऐकून झाल्यावर दिले. म्हणजे बागेतल्या प्रसंगात तुम्ही ‘हव्वा म्हणाली’ असे लिहिता तेव्हा एक सुंदर जागा वाया घालवता.

दुसरी जागा आज्ञेची. ‘या झाडाचे खाऊ नको’ ही आज्ञा दुसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या-सतराव्या वचनांत येते. स्त्री त्यानंतर, बाविसाव्या वचनात निर्माण होते. तिने ती आज्ञा देवाकडून ऐकल्याचे कुठे लिहिलेले नाही. आणि फळ खाण्याचा मोह घालणाऱ्या सर्पाला सांगताना तिच्या तोंडी ‘त्याला हातही लावू नका’ एवढे जास्तीचे आहे, जे देव बोललेला नाही. हे कोणी वाढवले? मजकूर सांगत नाही. निरोप पोचवताना माणसाने वाढवला, की तिने सावधगिरीने वाढवला? यावर दोघांचा एक पानभर संवाद लिहिता येतो, आणि त्यात कोणीही मूर्ख ठरत नाही.

तिसरी जागा नावे ठेवण्याची. ‘माणसाने एकटे असावे हे बरे नाही’ असे देव म्हणतो, आणि या दोन अध्यायांत ‘बरे नाही’ असे देव म्हणतो ते एवढ्या एकाच ठिकाणी. त्यावर पहिला उपाय म्हणून तो जनावरे आणतो. माणूस प्रत्येकाला नाव देतो, पण साथीदार मिळत नाही. याची नुसती प्राण्यांची यादी होऊ देऊ नका. नावे तीनच घ्या :

‘“हा कोण?” देवाने विचारले. “बैल,” माणूस म्हणाला. “आणि ही?” “गाय.” “आणि हे?” “वासरू.” माणसाने तिघांकडे पुन्हा पाहिले. मग पहिल्यांदाच नाव न देता त्याने विचारले, “आणि माझ्याबरोबर कोण?”’

इथे वाचक हसतो आणि लगेच थांबतो. तो थांबला की लगेच पुढचे वाक्य देऊ नका, परिच्छेद तिथेच तोडा.

प्रश्न : मना केलेले फळ खाल्ल्यावर देव जाब विचारतो तो प्रसंग नाटुकल्याच्या रूपात लिहायचा आहे. संवाद कसे ठेवावेत?

उत्तर : मूळचेच ठेवा, ते अचूक बसलेले आहेत. प्रश्नांची मोजणी पाहा. देव पुरुषाला तीन प्रश्न विचारतो : कुठे आहेस, तू उघडा आहेस हे तुला कोणी सांगितले, मना केलेल्या झाडाचे खाल्लेस काय. स्त्रीला एक : हे काय केलेस. सर्पाला एकही नाही, थेट शाप. तीन, एक, शून्य. हा उतार रंगमंचावर फार परिणाम करतो. सर्प उत्तराच्या तयारीत असला पाहिजे, आणि त्याच्यापर्यंत प्रश्न पोचताच कामा नये.

पुरुषाचे उत्तरही शब्दांच्या क्रमासह जपा. ‘जी स्त्री तू मला दिलीस, तिने मला त्या झाडाचे फळ दिले आणि मी खाल्ले.’ आधी देवाकडे बोट, मग स्त्रीकडे, आणि स्वतःची करणी सगळ्यात शेवटी. हिब्रूत तर ती शेवटच्या एकाच शब्दात आहे. नटाने ‘मी खाल्ले’ हे शब्द हळू न म्हणता नेहमीच्या आवाजात म्हणावेत. ‘चाचरत’, ‘घाबरून’, ‘नजर चुकवत’ अशा कंसातल्या सूचना काढून टाका. वाक्याची रचनाच ते काम करते.

प्रश्न : तिने त्याला ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’?

उत्तर : ‘अरे’. ‘अहो’मागे सासर, वडीलधारे, चारचौघांसमोरचा संकोच असे सगळे उभे असते. इथे जगात दोनच माणसे आहेत. देवाला मात्र दोघांनीही ‘तू’च म्हणावे. मराठी बायबलची आणि मराठी प्रार्थनेचीही तीच रीत आहे.

प्रश्न : भाषा बायबलची ठेवावी की बोलीतली?

उत्तर : निवेदन बायबलच्या वळणाचे आणि संवाद साधे बोलते ठेवा. ते वळण म्हणजे जड शब्द नव्हेत. मूळ हिब्रूत वचनामागून वचन ‘आणि’ने सुरू होते, वाक्ये लहान असतात, विशेषणे जवळजवळ नसतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला कळेल अशी सोपी मराठी हाच त्यामागचा आग्रह होता. ‘अखिल चराचराचा निर्माता जगन्नियंता’ असे लिहून भाषा बायबलसारखी होत नाही, कीर्तनासारखी होते.

मोबाइल, संगणक, कचेरीतल्या फायली अशा आजच्या वस्तू आणायच्या असतील तर कथाभर एकच आणा आणि ती शेवटपर्यंत वापरा. देवाच्या हाती नोंदवही दिली असेल तर दुसऱ्या दिवशी तिचे पान कोरे राहू द्या. तीन-चार वस्तू आल्या की वाचक कथा सोडून पुढची वस्तू कोणती याचा अंदाज बांधू लागतो.

प्रश्न : निवेदक म्हणून देवदूत घेतला आहे. चालेल?

उत्तर : चालेल, पण पहिल्या अध्यायात देवदूतांचा उल्लेख नाही हे ध्यानात ठेवा. फट मात्र आहे : ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा माणूस करू’ यातला ‘आपण’ कोण? तुमच्या दूताला त्या शब्दावर पहिल्यांदा बोलू द्या. आधीच्या पाच दिवसांवर तो शेरे मारत बसला तर देव त्याच्यापुढे फिका पडतो. नावासाठी रांगेत उभे राहिलेले शेवटचे जनावर हाही चांगला निवेदक होतो, फक्त त्याला बाकीची कथा दिसत नाही, म्हणून तो ६०० शब्दांच्या वर टिकत नाही.

प्रश्न : श्रद्धाळू वाचक दुखावतील अशी भीती वाटते.

उत्तर : ही काळजी योग्य आहे, आणि तिच्यामुळे लेखन सुधारतेच. हसणे कशाला आहे ते प्रत्येक विनोदापुढे समासात लिहून काढा : प्रसंगाला, पात्राच्या अडचणीला, की मानणाऱ्या माणसाला? तिसरे उत्तर आले की तो विनोद कापा. हसू आणि श्रद्धा एकत्र नांदल्याचे दाखले आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात चौदाव्या शतकापासून १५६९ पर्यंत सृष्टीच्या आरंभापासून अंतिम न्यायापर्यंतची नाटके चाकांच्या गाड्यांवर, रस्त्यांत होत. ती कारागिरांचे संघ करत. सृष्टीच्या पहिल्या पाच दिवसांचे नाटक गिलावा करणाऱ्यांकडे होते, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाने जहाज बांधल्याचे नाटक जहाज बांधणाऱ्यांकडे, आणि जलप्रलयाचे कोळी व खलाशांकडे. त्या प्रलयाच्या नाटकात नोहाची बायको जहाजावर चढायलाच तयार होत नाही. हे सगळे ख्रिस्ती सणाचा भाग म्हणून, भाविकांसमोर चालत असे. छापायला देण्याआधी कथा एखाद्या बायबल नीट वाचलेल्या श्रद्धाळू माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो कुठे हसतो यापेक्षा कुठे दुरुस्ती सुचवतो ते टिपून घ्या.

प्रश्न : तपशिलाच्या कोणत्या चुका नेहमी होतात?

उत्तर : सफरचंद नाही, नुसते ‘फळ’ आहे. त्या प्रसंगात सैतानाचे नाव नाही, सर्प आहे. पोटावर सरपटणे ही त्याला शेवटी मिळालेली शिक्षा, म्हणून त्याआधी तो ‘सरपटत आला’ असे लिहू नका. बागेत पाऊस पाडू नका. तोवर देवाने पाऊस पाडलेला नाही, जमिनीतून वर येणारे धुके माती भिजवते. वाघाला शिकार करायला लावू नका. पहिल्या अध्यायाच्या शेवटी माणसाला आणि जनावरांना फक्त वनस्पतींचे अन्न दिले आहे, मांसाची परवानगी प्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते. काटे आणि कुसळे शापानंतरची. सृष्टीच्या आरंभाची तारीख द्यायची असेल तर आयर्लंडचे आर्चबिशप (वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरू) जेम्स अशर यांनी १६५० मध्ये मांडलेली ख्रिस्तपूर्व ४००४, २३ ऑक्टोबर ही देता येते, पण त्यांच्या नावावर ‘सकाळी नऊ’ घालू नका. त्यांनी आरंभ धरला तो आदल्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या रात्रीपासून.

प्रश्न : शेवट जमत नाही. बागेतून हाकलल्यावर विनोद संपतो आणि कथा एकदम जड होते.

उत्तर : दोन जागा आहेत. फक्त सात दिवसांची कथा असेल तर सातव्या दिवसाकडे पाहा. पहिल्या सहाही दिवसांना ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ आहे, सातव्याला नाही. ती ओळ गाळा आणि कथा तिथेच थांबवा. ज्याने साचा कानात जपला आहे त्याला तो दिवस अजून चालूच असल्याचे आपोआप कळते.

बागेची कथा असेल तर तिसऱ्या अध्यायाचे एकविसावे वचन धरा. दोघांनी अंजिराची पाने शिवून अंगाला गुंडाळलेली आहेत. शिक्षा सांगून झाली आहे. आणि त्यांना बाहेर घालवण्याआधी देव त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना घालतो. लेखक हे वचन ओलांडून थेट बागेवर पहारा करणारे करूब (स्वर्गीय रक्षक) आणि फिरत्या ज्वलंत तलवारीकडे धावतात. तसे करू नका. पानांची शिवण पाहणारा, मापे घेणारा, ‘हात वर कर’ म्हणणारा देव शंभरएक शब्दांत दाखवा. त्याला उपदेश करू देऊ नका, त्या दोघांना माफी मागू देऊ नका. बाही लांब झाली का, खांद्यात घट्ट बसते का, एवढेच बोलणे ठेवा, आणि वस्त्र अंगावर नीट बसले की दाराकडे न्या.